छपराखालचे बिऱ्हाडकरू

जुन्या वाड्याच्या देवडीतून आत शिरताना मान वर करून तुळयांकडे पाहण्याची सवय आता फारशी कुणाला राहिलेली नाही. पण ज्यांचे बालपण ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे किंवा बेळगावच्या एखाद्या वाड्यात गेले, त्यांना तुळई आणि भिंत यांच्या सांध्यात पिसांचे नि काडीकचऱ्याचे, एकमेकांना चिकटलेले ओबडधोबड गोळे पाहिल्याचे आठवेल. दिवस कलला की काळ्या, चिमुकल्या पाखरांचा घोळका चिरक्या आवाजात ओरडत चौकावर गिरक्या घेई आणि अंधार पडता पडता एकेक पाखरू बाणासारखे त्या गोळ्यांत नाहीसे होई. ती पाकोळी. घरच्या मोठ्या माणसांनी तिच्याकडे कधी फार लक्ष दिले नाही, पण तिला कधी हाकललेही नाही. वाड्यात इतर बिऱ्हाडकरू असत तसेच हेही एक. फरक इतकाच की, यांच्याकडे भाडे कुणी मागितले नाही.

आज ते वाडे उतरवले जात आहेत. वाटण्या होतात, कोर्टकज्जे संपतात, बिल्डर येतो आणि शंभर-दीडशे वर्षांची चौसोपी वास्तू महिनाभरात जमीनदोस्त होते. त्या व्यवहारात माणसांची नावे सातबाऱ्यावर किंवा खात्यावर असतात, त्यांना काही ना काही मिळते. तुळईच्या सांध्यातल्या बिऱ्हाडाचे नाव कोणत्याच कागदावर नसते. म्हणूनच या पक्ष्याचा आणि माणसाच्या घराचा संबंध किती जुना आहे, तो कुणी आणि कसा ओळखला, आणि तो टिकवण्यासाठी इतरत्र काय झाले, याचा थोडा इतिहास येथे मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्याकडे अनेक घरांत लहान वटवाघळालाही पाकोळी म्हणतात. आणि उलट, पाकोळीला भिंगरी समजणारेही पुष्कळ आहेत. भिंगरी तारेवर बसते, चिखलाच्या गोळ्यांनी वाटीसारखे घरटे बांधते. पाकोळी तारेवर कधीच बसत नाही, कारण तिला ते शक्यच नाही. तिचे पाय अतिशय आखूड आणि चारी बोटे पुढे वळलेली असतात. त्या बोटांनी ती उभ्या भिंतीला लटकू शकते, फांदीला किंवा तारेला धरून बसू शकत नाही. दिसायला भिंगरीसारखी असली, तरी नात्याने ती दक्षिण व उत्तर अमेरिकेतल्या चिमुकल्या गुंजन पक्ष्यांना जवळची आहे. दिवसभर ती हवेतच असते. हवेतच कीटक टिपते, उडता उडता पाण्याचा घोट घेते आणि घरट्यासाठी लागणारी पिसे व काड्याही वाऱ्यावर तरंगताना चोचीत पकडते. मग स्वतःच्या चिकट लाळेने ती सारी सामग्री भिंतीला चिकटवते. कैलासवासी मारुती चितमपल्ली यांनी आपल्या 'पक्षिकोशा'त पक्ष्यांची देशी नावे गोळा करण्याचे जे अपार कष्ट घेतले, त्यांचे मोल अशा ठिकाणी कळते. नाव नीट ठाऊक नसेल, तर राखायचे कुणाला हेच कळत नाही.

आपल्या घरांतली ही पाकोळी शास्त्राच्या दफ्तरात १८३० साली दाखल झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी टॉमस हार्डविक यांनी हिंदुस्थानात असताना देशी चित्रकारांकडून प्राण्या-पक्ष्यांची शेकडो चित्रे काढवून घेतली होती. त्या संग्रहाच्या आधारे लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी तिला 'अफिनिस' हे नाव दिले. त्याचा अर्थ 'नात्यातली', म्हणजे युरोपातल्या पाकोळीची सोयरी. पुढे डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, १९३८ च्या सुमारास मध्य भारतातील संस्थानांची आणि त्यानंतर गुजरातचीही केली. म्हणजे आपल्या घराण्यांची वस्ती ज्या ज्या मुलखांत पसरली, त्या बहुतेक मुलखांत हा साक्षेपी माणूस दुर्बीण घेऊन हिंडून गेला. १९४१ साली निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकामुळे सामान्य वाचकालाही या पक्ष्याची ओळख झाली. पडके किल्ले, मशिदी, वेशी आणि जुन्या इमारती हे तिचे आवडते मुक्काम.

या ठिकाणांची यादी विचार करण्याजोगी आहे. माणसाने दगडविटांची उंच बांधकामे सुरू करण्यापूर्वी पाकोळी कड्यांच्या कपारींत आणि गुहांच्या तोंडाशी राहत असली पाहिजे. वेस, नगारखाना, सभामंडप, छत्री, घुमट ही सारी तिच्या दृष्टीने माणसाने रचलेली कपारच. वरून छप्पर, समोर मोकळी हवा, खाली झेप घेण्यापुरती उंची आणि मांजराला न पोहोचता येणारी जागा एवढेच तिला हवे असते. मराठ्यांचे सरदार उत्तरेत आणि गुजरातेत स्थिरावले, त्यांनी गढ्या, वाडे, देवळे, घाट आणि छत्र्या बांधल्या. ते त्यांनी स्वतःसाठी आणि देवासाठी बांधले हे खरे. पण त्या बांधकामाच्या पोटात या पाखरांसाठीही नकळत जागा होत गेली.

या नात्याचा लिखित इतिहास मात्र युरोपातल्या पाकोळीचा अधिक आहे, आणि तो मोठा उद्बोधक आहे. तिकडची पाकोळी आपल्या पाकोळीपेक्षा मोठी, पूर्ण काळसर आणि लांबच्या प्रवासाची. इंग्लंडात ती मेच्या आरंभी येते, कौलांखाली आणि भिंतीच्या भोकांत वीण करते आणि ऑगस्ट उजाडता उजाडता आफ्रिकेकडे निघून जाते. कर्कश ओरडत संध्याकाळी छपरांवरून जाणाऱ्या या काळ्या पक्ष्याला तिकडच्या खेडुतांनी 'सैतानाचे पाखरू' ठरवले होते. त्याला पायच नसतात असा समज ग्रीकांच्या काळापासून चालत आला होता. १७५८ साली लिनियसने शास्त्रीय नाव देताना 'बिनपायाचा' याच अर्थाचा ग्रीक शब्द कायम केला.

इटलीत या पक्ष्याशी नाते जुळले ते पोटाच्या वाटेने. मोडेनाच्या परिसरात आणि इतरत्र काही शतकांपूर्वी लोकांनी खास पाकोळ्यांसाठी मनोरे उभारले. भिंतीला बाहेरून ओळीने भोके, आणि प्रत्येक भोकामागे आतून हात घालता येईल असा कोनाडा. पिल्ले उडण्याच्या बेतात, चांगली गुबगुबीत झाली की त्यांतली काही काढून घेऊन खायची. पण पुढच्या वर्षी जोड्या परत याव्यात म्हणून सगळे घरटे रिकामे करायचे नाही, असा त्यात हिशेब होता. आज हे ऐकून अंगावर शहारा येतो. तरीही एक गोष्ट नोंदली पाहिजे. पाकोळी त्याच भोकात वर्षानुवर्षे परतते, हे त्या इटालियन शेतकऱ्यांना पंडितांच्या आधी ठाऊक होते. ते मनोरे अजून काही ठिकाणी उभे आहेत आणि आता त्यांत पाकोळ्या निर्धास्त वीण करतात.

पंडितांना मात्र वेगळाच प्रश्न छळत होता: हिवाळ्यात हे पक्षी जातात कुठे? तळ्याच्या गाळात शिरून झोपतात, असे अठराव्या शतकात भले भले मानत. सेलबोर्न या खेड्यातील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७७४ साली एका पत्रात पाकोळीचे जे वर्णन केले, ते आजही शास्त्रज्ञ आदराने वाचतात. पाकोळीचे मीलन उडता उडता होते, हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून लिहिले. हिवाळी झोपेच्या कल्पनेतून तेही पुरते सुटले नव्हते. पण त्यांनी एक साधे काम केले, मोजदाद. आपल्या गावात दरवर्षी नेमक्या आठ जोड्या येतात, निम्म्या चर्चमध्ये आणि बाकीच्या गावातल्या सर्वांत ठेंगण्या, गरिबांच्या गवती छपरांच्या झोपड्यांत, असे त्यांनी टिपून ठेवले. पक्ष्याला घरमालकाची ऐपत दिसत नाही, छपरातली फट दिसते.

प्रश्नाचा उलगडा करणाऱ्यांत एक नाव असे आहे, की ते पाहून आमच्या वाचकांना आश्चर्य वाटेल. देवीच्या लशीचे जनक डॉ. एडवर्ड जेन्नर यांचे. त्यांची लस १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत पोहोचली आणि पुढे आपल्या पणज्यांच्या दंडांवर तिचे वण उमटले. हेच जेन्नर आयुष्यभर पक्ष्यांचेही निरीक्षण करीत. एका शेतकऱ्याच्या घरातून त्यांनी बारा पाकोळ्या धरल्या, प्रत्येकीच्या पायाची दोन नखे कापून खूण केली आणि सोडून दिल्या. दुसऱ्या वर्षी रात्री घरटी तपासली, तर खुणेचे पक्षी तिथेच सापडले, तिसऱ्या वर्षीही. मग त्यांनी शोध थांबवला. सात वर्षांनी त्याच शेतकऱ्याच्या मांजराने एक पाखरू तोंडात धरून स्वयंपाकघरात आणले. पाहतात तो त्याच्या पायाची दोन नखे कापलेली! हा निबंध जेन्नर यांच्या मृत्यूनंतर, १८२४ साली रॉयल सोसायटीने छापला. एका मांजराच्या साक्षीने सिद्ध झाले की, समुद्रापार जाऊन आलेला हा पक्षी सात वर्षांनंतरही आपले जुने घर विसरत नाही.

यानंतरचा मोठा टप्पा ऑक्सफर्डचा. तेथील विद्यापीठाच्या निसर्गसंग्रहालयाच्या मनोऱ्याला हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या झरोक्यांतून पाकोळ्या वीण करीत. डेव्हिड लॅक यांनी त्या झरोक्यांमागे लाकडी पेट्या बसवल्या, त्यांना आतून काच लावली आणि मे १९४८ पासून पत्नी एलिझाबेथ यांच्यासह शिड्या चढून, अंधाऱ्या मनोऱ्यात तासन् तास बसून निरीक्षण केले. १९५६ साली त्यांचे 'स्विफ्ट्स इन अ टॉवर' हे पुस्तक आले. थंडी-पावसाने कीटक मिळेनासे झाले की, आईबाप दूर निघून जातात. अंडी गार पडली तरी नासत नाहीत आणि पिल्ले अंगातली ऊब कमी करून, जवळजवळ निश्चेष्ट होऊन काही दिवस उपाशी तग धरतात, हे त्यांनी दाखवून दिले. पिल्लू एकदा घरट्याबाहेर झेपावले की, त्याला आईबाप शिकवीत नाहीत, भरवीत नाहीत. ते थेट आफ्रिकेच्या वाटेला लागते. लॅक १९७३ साली वारले. मनोऱ्यातले काम मात्र थांबले नाही, ते आजतागायत चालू आहे. एकाच मनोऱ्यातल्या एकाच पक्ष्यावर इतक्या दीर्घकाळ चाललेला अभ्यास जगात दुर्मीळ.

ही पाखरे रात्री कुठे झोपतात, हे कोडेही हळूहळू सुटले. पहिल्या महायुद्धातील एका फ्रेंच वैमानिकाने सांगितले होते की, रात्री इंजिन बंद करून खूप उंचीवरून घरंगळत येताना तो अचानक जणू झोपेत तरंगणाऱ्या पक्ष्यांच्या थव्यात सापडला. विमानात अडकलेला पक्षी पाकोळी निघाला. पुष्कळांनी ती थाप मानली. पुढे स्वित्झर्लंडमधील एमिल वाइटनाउअर या खेड्यातल्या शाळामास्तरांनी रात्री विमानातून पाठलाग करून पाकोळ्या आकाशातच रात्र काढतात हे पडताळले. शेवटी २०१६ साली स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या अँडर्स हेडेनस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या पाठीवर ग्रॅमभराची नोंदयंत्रे बसवून दाखवले की, विणीचा काळ सोडल्यास युरोपातली पाकोळी वर्षातील सुमारे दहा महिने हवेतच असते. काही पक्षी तर त्या अवधीत एकदाही टेकले नाहीत. अशा पक्ष्याला पृथ्वीवर जी काही जागा हवी असते, ती एवढीच: तुमच्या-आमच्या भिंतीतली ओंजळभर पोकळी.

आणि नेमकी तीच जागा नाहीशी होऊ लागली. युरोपात जुनी घरे दुरुस्त करताना कौलांखालच्या फटी बुजवल्या गेल्या, भिंतींना ऊब राखणारे थर चढले, नवी घरे तर निखळ बंदिस्त. कीटकही कमी झाले. आफ्रिकेहून हजारो मैल येऊन पाकोळी आपल्या भोकापाशी पोहोचे, आणि तिथे सिमेंट असे. ती पुन्हा पुन्हा त्याच जागी धडका देत राही. इंग्लंडात १९९५ नंतर तिची संख्या निम्म्याहून खाली आली आणि २०२१ साली तिचे नाव चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत गेले.

या बाबतीत तिकडच्या सामान्य नागरिकांनी जे केले, ते अनुकरणीय आहे. गल्लीगल्लीतल्या लोकांनी आपल्या भागातील घरटी मोजली, मालकांना भेटून दुरुस्ती विणीनंतर करण्याची विनंती केली, छपराखाली लाकडी पेट्या टांगल्या. भिंतीतच बसवायची, पोटात पोकळी आणि दर्शनी बाजूस लहानसे भोक असलेली वीट तयार झाली. ब्रायटन शहराने २०२० पासून ठरावीक उंचीवरील नव्या इमारतींना अशी वीट बसवण्याची अट घातली. सर्व नव्या घरांसाठी ती सक्तीची व्हावी या मागणीवर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि जुलै २०२३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात त्यावर चर्चा घडली. कायद्याची सक्ती तेव्हा झाली नाही. पण डिसेंबर २०२४ च्या इंग्लंडच्या नियोजन धोरणात पाकोळीचा नावानिशी उल्लेख आला. जेरुसलेममध्ये यहुदी लोकांच्या पवित्र पश्चिम भिंतीच्या दगडांत पाकोळ्यांची जुनी वसाहत आहे, आणि भिंतीचे जतन करताना त्यांच्या फटी मोकळ्या ठेवल्या जातात. पावित्र्य आणि पाखरू यांचे तिथे भांडण झाले नाही.

आपल्याकडे या कुळातल्या एका पक्ष्यासाठी झगडा झाला तो कोकणात. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर गुहांत राहणाऱ्या एका जातीची पाकोळी लाळेने घरटे बांधते, आणि पूर्वेकडील देशांत त्या घरट्यांचे सार मोलाचे मानतात. त्यापायी पिल्लांसकट घरटी खरवडून नेली जात. २००१ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने ही तस्करी उघडकीस आणून संरक्षणाचे काम हाती घेतले. गोवा आणि बेळगावकडील आमच्या वाचकांना हे बेट परके नाही.

वाड्यांतल्या पाकोळीवर मात्र कुणी तस्कर टपलेला नाही. तिला भय आहे ते आपल्या नीटनेटकेपणाचे. आमच्या परिचयातील शंभरी उलटलेल्या एका देवळाच्या सभामंडपात पाकोळ्यांची तीसेक घरटी होती. जीर्णोद्धाराचे ठरले, रंगारी आले आणि ऐन उन्हाळ्यात, पिल्ले घरट्यात असताना, बांबूने ती सारी झटकण्यात आली. विश्वस्त सज्जन होते. त्यांना ती जळमटे वाटली. आम्हीही त्या सभेला हजर होतो आणि रंगाच्या छटेवर तासभर बोललो, घरट्यांबद्दल एक शब्द काढला नाही, हे कबूल केले पाहिजे. त्या संध्याकाळी थवा मंडपाभोवती अंधार होईपर्यंत फिरत राहिला. पुजारीबुवांच्या मातोश्री ओट्यावर बसून तेवढे म्हणाल्या, "अहो, देवाच्या दारचे बिऱ्हाड होते हो ते. नोटीस तरी द्यायची." त्यांच्या बोलण्यावर तेव्हा सगळे हसले. आम्हीही हसलो. आज ते हसू आठवले की संकोच वाटतो.

म्हणून काही साध्या गोष्टी. भारतातली ही पाकोळी बहुतांशी बारमाही आपल्याच गावात राहते आणि विणीचा हंगाम सरल्यावरही रात्री घरट्यातच निजते. तिची वीण साधारण फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत चालते. तेव्हा रंगरंगोटी आणि डागडुजी दसऱ्यानंतर काढावी, आणि तीही टप्प्याटप्प्याने, म्हणजे एका बाजूची घरटी शाबूत राहतील. विष्ठेचा त्रास होत असेल तर घरट्यांच्या खाली दोन हात अंतरावर फळी ठोकावी. तेवढ्याने ओटी स्वच्छ राहते. कबुतरांसाठी जाळी लावताना कमानीचा वरचा कोपरा तिच्यासाठी सोडावा. जमिनीवर पडलेली पाकोळी बहुधा स्वतःहून उडू शकत नाही. जखम नसेल, तर तिला हवेत भिरकावू नये. उघड्या तळहातावर घेऊन, हात उंच धरून मोकळ्या जागी उभे राहावे, ती आपली आपण झेपावते. आणि वाडा पाडणे अटळच असेल, तर नव्या इमारतीच्या गच्चीखाली, वळचणीला चार पोकळ्या ठेवायला वास्तुविशारदाला सांगावे. पक्षी तिथे येतीलच असे वचन कुणी देऊ शकत नाही. जागाच नसेल तर मात्र ते येणार नाहीत, हे निश्चित.

आपली घराणी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मूळ गाव सोडून या परमुलखांत आली. कुणाच्या तरी आश्रयाने, कुणाच्या तरी वळचणीला आपण बिऱ्हाडे थाटली, भाषा राखली, देव राखले आणि पुढे आपणच घरमालक झालो. आश्रयाचे मोल आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नसावी.

दरवर्षी ७ जून हा दिवस जगभर पाकोळी-दिन म्हणून साजरा होतो. आपल्या पंचांगात त्याच सुमारास मृग लागतो. पहिला पाऊस पडून गेला की जमिनीतून पंख फुटलेल्या वाळवीचे थवे निघतात, आणि त्यांवर पाकोळ्या तुटून पडतात. यंदा त्या संध्याकाळी आपल्या वाड्याच्या, देवळाच्या किंवा गावच्या वेशीसमोर घटकाभर उभे राहावे, नातवंडांना सोबत घ्यावे आणि किती पाखरे आत शिरली ते गिल्बर्ट व्हाइट यांच्यासारखे मोजून वहीत लिहून ठेवावे. गावोगावचे असे आकडे वाचकांनी मंडळाकडे पाठवले, तर ते या पत्रिकेत आनंदाने छापू.